आत्याची कवळी आणि माझे दहापैकी दहा

आमच्या आत्याला एका लग्नासाठी दोन कवळ्या लागल्या, कारण पहिली मी बनवली होती.

तेव्हा मी आणि माझी चुलत बहीण सायली अमरावतीला एकाच डेंटल कॉलेजात, एकाच वर्गात होतो. (एकाच घरात तर होतोच. देवाला तेवढी शिक्षा कमी वाटली!) आमच्या सरांचा एक नियम होता. काम झालं की आधी आपणच पेशंटसमोर आपल्या चुका सांगायच्या, स्वतःला दहापैकी मार्क द्यायचे, मग सर तपासून त्यांचे देणार.

सायली मान खाली घालून म्हणायची, "सर, जमलं नाही. चारच." सर म्हणायचे, "अगं, छान आहे की! आठ!" मी ताठ मानेनं "नऊ" म्हणायचे आणि सर पाच टेकवायचे. वर, "सायलीसारखं स्वतःकडे बघायला शिक," हा आहेर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तिचं ते चार म्हणजे सोंग होतं हो, सोंग!

अशात अकोल्याच्या आत्याच्या मुलाचं लग्न ठरलं. आत्याच्या तोंडात औषधालाही दात उरला नव्हता. "नव्या विहीनबाईसमोर असं बोळकं घेऊन उभी राहू काय वं?" म्हणत ती अमरावतीला आली. आम्हाला पेशंट म्हणून नातेवाईकच पकडावे लागायचे, त्यामुळे सायलीही टपलेलीच होती. पण मी आत्याला एसटी स्टँडवरूनच उचललं!

कवळी तयार झाली. आत्या आरसा सोडेना. "बाप्पा! मी तं नवरीच दिसून राह्यली!"

सर आले. आज मी सायलीचंच सोंग वठवणार होते. मान खाली घातली. "सर, जमलं नाही. वरची कवळी ढिली आहे. दात फार पुढे आलेत. बोलताना शिट्टी वाजते. तीनच द्या." (चुका आदल्या दिवशी मेथी निवडता निवडता मनानं रचल्या होत्या! आणि तीन अशासाठी, की खालून का होईना, सायलीला हरवायचं होतं.)

आत्याच्या हातातला आरसा हळूहळू खाली आला.

"आजी, 'सात सासवा' म्हणा," सर म्हणाले. आत्या म्हणाली. पलीकडच्या खुर्चीवरचा पेशंट वळून बघायला लागला.

"आता खोका."

आत्या खोकली आणि वरची कवळी सरांनी हवेत झेलली!

"शाब्बास!" सर मला म्हणाले. "एकूण एक चूक बरोबर ओळखलीस. स्वमूल्यमापनाला दहापैकी दहा! कामाला तीन. पुन्हा बनव."

"तुले मालूम होतं का खराब हाये, मंग मले घातली कावून वं?" आत्या कडाडली.

"आत्या, मी उगीच म्हटलं होतं गं..."

"उगीच? थे तं डाक्टरच्या हातात जाऊन पडली!" आत्या मागे उभ्या सायलीकडे वळली. "सायले, तूच बनव मा. लगन आलं तोंडावर."

सायलीनं बनवली. स्वतःला चार दिले. सरांनी नऊ दिले. (माझे नऊ!)

अकोल्याच्या लग्नात आत्या पंगतीपंगतीत जाऊन कडाकडा पापड मोडून दाखवत होती. "आमच्या सायलीनं केले हे दात!" विहीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "अन् ही?"

आई फुशारकीनं म्हणाली, "हिले तं सरायनं दहापैकी दहा देल्ले!"

"कशात?"

"स्वतःच्या चुका ओळखण्यात," सायली गोड हसून म्हणाली.

मी मात्र आत्याच्या तोंडावरून नजर हलवली नाही. एकदा, फक्त एकदा निसटू दे रे देवा! जिलेबी खाताना आत्याला ठसका लागला. सगळे पाणी घेऊन धावले. मी ओंजळ घेऊन धावले. कवळी तसूभर हलली नाही.

अल्बममध्ये सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि मी प्रत्येक फोटोत आ वासून आत्याच्या तोंडात बघतेय. आत्या ते सगळ्यांना कौतुकानं दाखवते. "पाह्य, किती जीव हाये पोरीचा माह्यावर!"

सायली माझ्या जागी असती तर तिनं स्वतःच्या जळकेपणालाही मान खाली घालून चारच दिले असते. मी दहा देते. आणि या वेळी सरसुद्धा एक मार्क कापणार नाहीत!