भारनियमनात गेलेले भाग

ती मालिका गुरुवारी संध्याकाळी साडेआठला लागायची. पोलिसातल्या एका बाँब निकामी करणाऱ्या इन्स्पेक्टरची. दर भागात एक बाँब, त्यावर लाल आकडे उलटे पळतायत, इन्स्पेक्टर गुडघ्यावर बसलेला, हातात पक्कड, आणि तार कापणार तेवढ्यात जाहिरात. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. माले या आमच्या गावात, आमच्या आळीतली टीव्हीची पहिली छत्री आमच्या घरावर लागली, कारण आमच्याकडे महिन्याला पगार येत होता. माझे यजमान पोलिसात, आणि पोलिसातही पुण्याच्या बाँबशोधक पथकात. त्यामुळे गुरुवारी बायका भाकऱ्या उरकून आमच्याच घरी जमायच्या. एरवी त्यांना माझ्याकडे यायला काही कारण नसायचं. माझं माहेर पौडच्या बाजारपेठेतलं, शेतीचं काम मला धड येत नव्हतं, मी अंगणवाडीत जायची. आम्हाला मूल नाही. ते एक वाक्य इथेच लिहून टाकते, म्हणजे परत लिहावं लागणार नाही.

यजमान रविवारी यायचे. तेही दर रविवारी नाही. आले की जेवायचे, झोपायचे, सोमवारी पहिल्या गाडीने पुण्याला पोलीस लाइनीत परत. बाकीचे दिवस घरात मी आणि टीव्ही.

त्या मालिकेने मला माणसांत आणलं, हे खोटं नाही. चटईवर पहिली जागा माझी. जाहिरात लागली की सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. "ताई, भावजी बी असंच करत्यात?" धाकटी जाऊ विचारायची. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, पण गुरुवार सोडला तर आमचं बोलणं हापशावर व्हायचं तेवढंच.

एकदा यजमान रजेवर होते आणि नेमका गुरुवार आला. बायकांनी त्यांना खांबाला टेकवून बसवलं. इन्स्पेक्टर तार कापायला लागला तशी जाऊ म्हणाली, "भावजी, लाल कापायची का निळी?"

"आमी तार कापतच न्हाई," ते म्हणाले. "लांबनं हुक लावतो, दोरी बांधतो, आन् आडोशाला जाऊन वढतो."

शेजारची म्हातारी म्हणाली, "म्हंजी म्हशीवानी?"

"व्हय मावशी. म्हशीवानीच."

सगळ्या हसल्या. तेही हसले. पुढे म्हणाले, अंगात बाँबचा जाड सूट असल्याबिगर आणि मागे आपला माणूस उभा असल्याबिगर पुढे पाऊल टाकायचं नाही, हा पहिला धडा, नव्या पोरांना तोच शिकवतो. "नव्वद टक्के काम वाट बघायचं आसतंय. उरलेल्यात पिशवीतनं कुनाचं तरी जुनं कापड निघतं."

मला राग आला. त्या घरात मी ज्यावर बसले होते तीच चटई ते हसत हसत काढून घेत होते, असं काहीतरी वाटलं. तेव्हा मला ते नीट कळलं नाही.

आमच्याकडे तेव्हा लाइट एक आठवडा सकाळी जायची, एक आठवडा संध्याकाळी. संध्याकाळची पाळी आली की त्या गुरुवारचा भाग बुडाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत दाखवत. तेव्हा लाइट असे, पण बायका भाताच्या खाचरांत असत. मी अंगणवाडीतून आलेली असे. तो भाग आळीत मी एकटीच बघायची.

पहिल्यांदा खोटं बोलले ते ठरवून नव्हे. सलग दोन रविवार यजमान आले नव्हते. हापशावर जाऊ म्हणाली, "भावजी ह्याबी रविवारी न्हाई? एवढं काय काम आसतंय?" त्या बोलण्यात तिचा नवरा रोज रात्री घरी येतो, हे होतं, किंवा मला ते ऐकू आलं. मी कळशी धरूनच म्हणाले, "एका शाळेत बाँब सापडला होता. मुलांचे डबे ठेवतात त्या फळीवर. ह्यांनी तो हातांनी उचलून मैदानात नेला."

त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी बघितलेला भाग होता तो. हापसा हलवणारी बाई थांबली. दोघी-तिघी जवळ आल्या. म्हातारी म्हणाली, "आगं बाई, आन् पोरं?" मी म्हणाले, पोरं सगळी सुखरूप. मग मैदानात त्यांनी तो कसा पालथा ठेवला, हेडमास्तरीणबाई कशा रडल्या, तेही सांगितलं. कळशी भरून वाहायला लागली तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर संध्याकाळची लाइट जायची तो आठवडा मला आवडायला लागला. लग्नाच्या हॉलमधला बाँब, रुग्णालयाच्या लिफ्टमधला बाँब. सगळे यजमानांनी निकामी केले. ते येत रविवारी, गप्प जेवत, आणि मी आमटी वाढताना त्यांच्याकडे बघत विचार करी की हे तसे का नाहीत. असा विचार करणं हेच वाईट होतं, पण मी तो करत होते.

मग तो रविवार. पावसाळा संपला होता, पुण्याहून धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रस्त्यावर रांग होती. एसटीच्या थांब्यात बाकाखाली एक पिशवी पडलेली होती, आणि तिच्यातून तार बाहेर आलेली. थांब्याशेजारच्या चहाच्या टपरीवाल्याने ती बघितली आणि पोलिसांना फोन करायच्या आधी आमच्या दारात आला. यजमान बनियन-पायजम्यात भात जेवत होते. उठले, शर्ट चढवला आणि गेले.

त्यांनी जे केलं ते सगळं बरोबर होतं, हे आज मी सांगू शकते. टपरीतला सिलेंडर आधी लांब नेला. कुणाच्या तरी गोठ्यातली दोरी आणून दोन्ही अंगांनी रस्ता अडवला, माणसं मागे लोटली, पौडच्या ठाण्याला फोन केला, पथकाला फोन केला. आणि मग रस्त्याकडेच्या वडाच्या अलीकडे पाठीमागे हात बांधून उभे राहिले. पुण्याहून पथकाची गाडी यायची होती.

अर्धा तास लोकांना मजा वाटली. मग नाही. गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. एक फार्महाउसवाला काच खाली करून म्हणाला, "अहो हवालदार, आमचं जेवण थंड होतंय." एक तरुण पोरगा झाडाखालून ओरडला, "त्यो टीव्हीवाला आसता तर दोन जाहिरातींत मोकळा झाला आसता." हशा झाला. यजमानांनी वळूनही पाहिलं नाही.

आळीतल्या बायका माझ्याभोवती होत्या. जाऊ मला कोपराने ढोसून म्हणाली, "ताई, त्यो शाळेतला भावजींनी हातानंच उचलला व्हता ना? आन् हे काय, नुसतेच हुबे?"

 वाटलं, आत्ता सगळ्यांना कळणार. शाळा, लग्नाचा हॉल, लिफ्ट, सगळं.

मी दोरीपाशी गेले. हळूच म्हणाले, "अहो, सगळे बघतायत. एकदा जाऊन बघून तर या. साधी पिशवी आहे."

"पथक येतंय. तवर कुनी हलायचं न्हाई."

"माझ्यासाठी जा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशातला मोबाईल काढला, दोन्ही माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू मागं सर. पार वडाच्या पल्याड जा." एवढं बोलून दोरीखालून वाकून गेले.

ते चालत होते तेव्हा मला काय वाटलं ते लिहायला मी इतकी वर्षं घेतली. मला भीती वाटली नाही. आत काय असेल हा विचारही मनात आला नाही. बायका माझ्याकडे बघतायत का, ते मी बघत होते.

त्यांनी बाकाखाली वाकून पिशवी बराच वेळ नुसती न्याहाळली. मग हळूहळू उघडली. रंगाचे ब्रश, पुट्टीच्या पट्ट्या, तारेने बांधून चालता ठेवलेला एक ट्रान्झिस्टर, आणि डब्यात चपात्या नि बटाट्याची भाजी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीच्या पार मागे उभा असलेला एक रंगारी, कोळवणच्या बाजूला कुठल्या तरी बंगल्यावर कामाला होता, घाबरत पुढे आला. "साहब, मेरा है. बस में चढ़ते भूल गया था." यजमानांनी डब्याचं झाकण लावून पिशवी त्याच्या हातात दिली.

टाळ्या चालू असतानाच पथकाची गाडी आली. त्यांचे साहेब उतरले, उघडी पिशवी पाहिली, बनियनवर शर्ट घातलेला आपला माणूस पाहिला. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "तुम्ही?"

चारपाच दिवसांनी ते साहेब जबाब घ्यायला गावात आले. टपरीवाल्याचा घेतला, आणखी एकदोघांचे घेतले, शेवटी आमच्या घरी आले. यजमान पुण्यात होते. मी चहा दिला. चांगला माणूस होता, कप दोन्ही हातांत धरून बसला. म्हणाला, "ताई, त्यांना नियम तोंडपाठ आहेत. माझ्या पथकातल्या निम्म्या मुलांना त्यांनी तयार केलंय. असा माणूस सूट नसताना एकटा पुढे जातो, हे मला पटत नाही. त्यांना कुणी काही बोललं का? गर्दीतलं, घरातलं? तसं असेल तर सांगा. ताकीद देऊन त्यांना पथकात ठेवता येईल मला."

दाराआड जाऊ उभी होती. तिची बांगडी वाजली म्हणून मला कळलं.

मी म्हणाले, "नाही. त्यांचे ते गेले."

साहेबांनी ते लिहून घेतलं. यजमानांनी आपल्या जबाबात काय लिहून दिलं ते मला नंतर समजलं: मी स्वतःच्या मर्जीने गेलो. दोन्ही जबाब जुळले. त्यांना पथकातून काढून भांडारात टाकलं. हेल्मेट, लाठ्या, ताडपत्र्या यांची देवघेव. सकाळी जायचं, संध्याकाळी मोकळं. मी लग्नापासून ज्याची वाट बघत होते ती नोकरी. संध्याकाळच्या गाडीने रोज घरी येता आलं असतं. ते आले नाहीत. लाइनीतच राहिले. विचारलं की म्हणायचे, बंदोबस्त आहे. भांडारातल्या माणसाला कसला बंदोबस्त, हे मी कधी विचारलं नाही.

बायकांना मी छत्री बिघडली म्हणून सांगितलं. गुरुवार बंद झाले. संध्याकाळी लाइट असली तरी मी टीव्ही लावत नव्हते.

पुढच्या लावणीच्या वेळी जाऊ चिखलाच्या पायांनी आमच्या पायरीवर येऊन बसली. पाणी मागितलं. प्यायली आणि म्हणाली, "ताई, छत्री बिघडलेली न्हाई, मला ठावं हाय."

मी तिच्या हातातला तांब्या घेतला.

"आन् त्यो शाळेतला डब्यांचा भागबी ठावं व्हता. माझी भन रिह्याला दिलेली. तितं लाईट दुसऱ्या आठवड्यात जाती. आमचा बुडालेला भाग ती बघायची आन् मला सांगायची. लग्नाच्या हॉलचा बी, लिफ्टचा बी."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"समद्यांस्नी. म्हातारीला सोडून. तिला खरंच वाटायचं."

"मग बोलली का नाहीस?"

ती पदराने पाय पुसत राहिली. "तुमी एकल्या आसता. सांगताना बऱ्या दिसायच्या."

"आणि त्या दिवशी थांब्यावर?"

"चेष्टा केली ओ. आमची कायमचीच चेष्टा व्हती ती. तुमी त्यास्नी खरंच धाडाल हे मला काय ठावं?"

ती गेल्यावर मी पायरीवरचा चिखल धुतला. मग परत धुतला. जे झाकायला मी त्यांना पाठवलं ते उघडंच होतं. कुणी मला हसलं नसतं, कारण हसायचं ते केव्हाच हसून झालं होतं, आणि त्यावर त्यांनी मायाही केली होती. मला ती कळली नव्हती.

तरी यजमानांना सांगायला मला आणखी काही वर्षं लागली. दोन हजार दहाच्या आसपासचा एक रविवार. ते ओट्यावर ताट घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसले होते. रविवारी काहीतरी काम हातात घ्यायचे, म्हणजे बोलावं लागत नसे. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. मालिका, दुपारचे भाग, हापसा. मग साहेबांचं. "त्यांनी मला सरळ विचारलं होतं. मी नाही म्हणाले. हो म्हणाले असते तर तुम्ही पथकात राहिला असता."

"ठावं हाय," ते म्हणाले. "चौकशीत समद्यांचे जबाब वाचून दाखवत्यात."

"मग इतकी वर्षं मला बोलला का नाहीत?"

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "जबाबाचं मला काय न्हाई. बाई घाबरती, न्हाई म्हनती. लई बघितल्यात तसल्या." पुढची शेंग हातात घेतली. "पन त्या पिशवीपाशी वाकलो ना, तवा एकच मनात आलं. हिला चालंल."

काय चालेल, हे विचारावं लागलं नाही: ते तिथून परत नाही आले तरी. ते हात थांबवून माझ्याकडे बघत होते. मी तसं नव्हतं म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा असावी. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याकडून काही मागत होते. शब्द अगदी तोंडापर्यंत आले. पण मला तो रस्ता दिसत होता, त्यांची पाठ दिसत होती, आणि त्यांच्याकडे न बघता बायकांच्या चेहऱ्यांवरून फिरणारे माझे डोळे मला आठवत होते.

मी गप्प राहिले. ते आणखी थोडं थांबले, मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "च्या टाकतीस का?"

मी चहा टाकला. दोघांनी तो ओट्यावर बसून प्यायला. मग ते चारच्या गाडीने गेले.

आता ते निवृत्त झालेत, पुण्यातच खोली घेऊन राहतात. रविवारी येतात. मुक्काम करत नाहीत.