मुक्ताईच्या वाटेवर थांबलेली गाडी

आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, याची इतकी सवय झाली होती की त्याचं काही वाटेनासंच झालं होतं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, इथे कोण टिकणार? पण श्रावणातल्या एका दुपारी केळीच्या बागेत यांना साप चावला.

दिरांनी मोटरसायकलवर घालून दवाखान्यात आणलं, तेव्हा यांच्या पापण्या जड झाल्या होत्या, जीभ अडखळत होती. सिस्टर रडवेली झाली. "ताई, इंजेक्शन फ्रिजमध्ये आहे, पण रिअ‍ॅक्शन आली तर? डॉक्टरशिवाय कसं देऊ?" अ‍ॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन जळगावला गेलेली. मी ओट्यावर येऊन बसले. रोज मुक्ताईचा जप करणारी मी, पण त्या वेळी जप आठवेना. एवढंच निघालं, "आई, आता तूच बघ."

तेवढ्यात एक गाडी फाटकाशी थांबली. नाल्याला पूर आल्यामुळे मुक्ताईनगरची दुसरी वाट विचारायला एक बाई उतरल्या आणि माझा चेहरा बघून वाट विचारायचंच विसरल्या. मी सांगितलं तशा म्हणाल्या, "मी डॉक्टर आहे, धुळ्याची. कुठे आहेत ते?" तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करून त्यांनी परवानगी घेतली, सिस्टरला हाताशी घेतलं, सलाईन लावलं, इंजेक्शन सुरू केलं.

गाडीत त्यांचे म्हातारे वडील होते. मी पाणी नेलं, तर म्हणाले, "मन्ही पोर कामले लागनी ना? मी आठेच बसस. दर्शन मंग करसूत." आणि मुक्ताईचं दर्शन पुढे ढकलून ते तिथेच बसून राहिले.

ऊन उतरेपर्यंत डॉक्टरताई यांच्या उशाशी बसून होत्या. अ‍ॅम्ब्युलन्स आल्यावर त्याही सोबत जळगावला आल्या, वडिलांना घेऊन त्यांची गाडी मागोमाग आली. दुसऱ्या सकाळी यांनी चहा मागितला, आणि तोवर कोरडी राहिलेली मी ढसाढसा रडले.

कुणी योगायोग म्हणतं. असेलही. डॉक्टरताई आता दर गुरुवारी आमच्या दवाखान्यात येतात. डोंगरातल्या पाड्यांवरच्या बाया लेकरं कडेवर घेऊन त्यांची वाट बघतात. डॉक्टरची जागा अजून रिकामीच आहे. ती भरा म्हणून आम्ही बायका तालुक्याला जाऊन सांगतो. देवावर सोडणं म्हणजे गप्प बसणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, मदत कोणत्या रूपानं यावी हा हट्ट तेवढा सोडायचा.

हे बरे झाल्यावर आम्ही मुक्ताईला गेलो. मागायचं काही सुचलं नाही. यांचा हात धरून नुसती उभी राहिले, मागची बाई "पुढे सरका ना अक्का" म्हणेपर्यंत.