ज्ञानूदादाचे लपलेले दिवे

माझा थोरला भाऊ ज्ञानू कधी चुकत नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं आणि ते तो सगळ्या कसबा बावड्याला ऐकवत असे. वायरमन म्हणून त्याचा हात खरोखरच चांगला होता, त्यामुळं लोक ऐकून घेत. मी पाठची बहीण, मला तसली सक्ती नव्हती. दादा, स्वतःची आरती स्वतः ओवाळू नये, असं मी तोंडावर म्हणायची. त्यावर तो म्हणायचा, मग दुसरं कोण ओवाळतंय?

ऐंशी सालच्या आसपास त्यानं साखर कारखान्यातली कायमची नोकरी सोडली आणि स्वतःची कामं घ्यायला लागला. भावकीनं येड्यात काढलं. पण कोल्हापुरात तेव्हा नवे बंगले उठत होते आणि बंगलेवाल्यांना छताला लोंबणारा बल्ब नको झाला होता. उजेड हवा, पण दिवा दिसता कामा नये, अशी नवी हौस निघाली होती. दादानं ती आधी आपल्याच घरात पुरवली. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, कौलांखाली प्लायवूडचं सपाट छत ठोकलं, त्यात गोल भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात तुपाचा रिकामा डबा उपडा बसवला. डब्यात होल्डर, होल्डरला बल्ब. गरम हवा वर जावी म्हणून डब्याच्या बुडाला बारीक छिद्रं. संध्याकाळी बटण दाबलं की उजेड नुसता वरून उतरायचा. शेजारची चिमणाबाई बघायला आली, तर दिवा कुठं ठेवलाय म्हणून कपाटामागं डोकावून गेली.

माझं सासर उचगावचं. तिथं सासरच्या भावकीतले हंबीरराव बंगला बांधत होते. त्यांच्यापुढं मी दादाचं इतकं कौतुक केलं, की वैशाखात मुलांना घेऊन माहेरी आले तेव्हा तेही घर बघायला आले. चहा झाला, दिवे लागले, पाहुणे मान वर करून खूश झाले. गप्पा रंगल्या आणि एक दिवा लुकलुकून गेला. मग त्याच्या शेजारचा. मग कोपऱ्यातला. दादा उठून बटणं खालीवर करत राहिला. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण सासरी तोंड मला दाखवायचं होतं.

हंबीरराव रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ज्ञानबा, तुमच्याच घरात दिवं टिकंनात, आमच्यात काय टिकायचं? रविवारी जेवायला येतो. जेवण हुईस्तोवर दिवं राहिलं, तर सगळ्या घराचं काम तुमचं."

ते काम गेलं असतं, तर दादाला पुन्हा कारखान्याच्या दारात हात जोडून उभं राहावं लागलं असतं. ते त्यानं त्या दिवशी मला सांगितलं, आणि सांगताना एकदाही फुशारकी मारली नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र गडी पुन्हा ताठ. सकाळी सगळे दिवे मुकाट्यानं लागले. दादानं बल्ब बदलले, बटणांचे स्क्रू आवळले, टेस्टर लावून वीज कुठवर येते ते बघितलं. डब्यांत खालूनच हात घालून होल्डरसुद्धा नवे बसवले. संध्याकाळी तासाभरात पुन्हा अंधार. एकदा वर चढून बघ, असं मी सुचवलं. तर म्हणाला, वरचं काम मी स्वतः केलंय, त्यात काय बघायचं? गर्वाचं घर खाली, असं मी पुटपुटले, पण वाद घातला नाही.

शेवटी त्याच्याच डोक्यात उजेड पडला. गार दिव्यात दोष सापडत नसेल, तर दिवा तापलेला असतानाच बघायला हवा. भरदुपारी त्यानं सगळे दिवे लावून ठेवले आणि खाली बसून राहिला. पहिला दिवा गेल्याबरोबर मेन स्विच बंद करून स्टुलावर चढला. डब्याला हात लावला आणि चटका बसून झटकला. फडकं गुंडाळून डबा ओढला, तशी वरून काळपट पडलेली काडी त्याच्या तोंडावर पडली. भाताच्या पिंजराची, वाळल्या पेंढ्याची. पाठोपाठ पिकलेल्या आंब्याचा वास आला.

आमची आई, झुंबरबाई, गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याची लेक. दर उन्हाळ्यात ती आंबे पिकवायला आढी घालायची आणि आम्हा पोरांच्या हाती लागू नये म्हणून दरसाल जागा बदलायची. आता माझी पोरं त्या वयाला आली होती. नवं छत म्हणजे तिच्या लेखी आयता, स्वच्छ माळा. स्वयंपाकघरातून शिडी लावून तिनं तिथं पिंजर पसरलं, आंबे रचले आणि वरून आणखी पिंजर दाबलं. डब्यांची छिद्रं पार बुजली. उष्णता आतल्या आत कोंडून होल्डर तापायचा, त्याची पकड सुटायची. निवला की पुन्हा धरायचा. आम्ही आठवडाभर ते आंबे मिटक्या मारत खाल्ले होते आणि यंदा लवकर पिकले म्हणून आईला शाबासकीही दिली होती.

दादा आईवर असा ओरडला, की गल्ली गोळा झाली. घर पेटलं असतं, पोरं झोपतात खाली. आई एवढंच म्हणाली, "मला कुणी सांगिटलंच न्हाय की बाबा." आणि चुलीकडं तोंड करून बसली. दादानं ओरडणं सोडून शिडी लावली.

पिंजराची काडी न् काडी त्यानं खाली काढली. करपलेले होल्डर आणि कडक झालेल्या वायरी बदलल्या. प्रत्येक डब्यावर जाळीचा पिंजरा बसवला, म्हणजे पुन्हा कुणी काही ठेवलं तरी डब्याला भिडू नये.

रविवारी हंबीरराव आले. आई काही बाहेर येईना, मीच वाढत होते. पाहुणे घासागणिक वर बघत होते. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, भात झाला, एकही दिवा लुकलुकला नाही. ताट बाजूला सारत त्यांनी विचारलं, दोष काय होता?

बल्ब खराब लागले होते, एवढं सांगून भागलं असतं. खरं तर आईचं नाव घेतलं असतं, तरी दादाच्या कामावर डाग नव्हता. आत आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. दादानं एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं.

"चूक माझी हुती," तो म्हणाला. "दिव्याच्या वर जागा मोकळी ठेवावी लागती. ते मी घरात सांगिटलं न्हाय, आन् तिथं कायतरी ठेवलं तर काय हुईल, ह्याचा इचार पण केला न्हाय. आता केलाय."

माझा भाऊ असं बोलला यावर माझा विश्वास बसेना. डोळे भरून आले आणि मी भाताचं पातेलं उगाच उचलून धरलं.

तिथं काय ठेवलं होतं, असं पाहुण्यांनी विचारल्यावर दादानं आंबे आणि पिंजर यांचा उलगडा केला. हंबीररावांनी पुन्हा एकदा वर बघितलं. मग म्हणाले, "काम तुमचं. पर आमची म्हातारी पण माळा रिकामा ठिवायची न्हाय. तिला सांगायचं कुणी? माझं ती ऐकत न्हाय."

तेव्हा आई आमरसाची वाटी घेऊन बाहेर आली.

"मी येतो की ज्ञानूसंगं," ती म्हणाली. "इहीणबाईस्नी मी सांगतो."

सोमवारी दादाच्या सायकलवर पुढं वायरची गुंडाळी आणि मागं कॅरियरवर आई, अशी दोघं उचगावला गेली. हंबीररावांच्या बंगल्यात शिडी लावली, तेव्हा दादानं ती धरून ठेवली आणि माळ्यावर कोण कुठं काय ठेवेल ते बघायला आधी आईला वर चढू दिलं.