डीजे पंजाबचा पाचवा तुकडा

वरातीत पंजाबराव कोणाच्याही चेहऱ्याकडे पाहत नसे. बाकीचे डीजे गाडीवर उंच उभे राहून हात उडवतात. हा एका बुटक्या स्टुलावर अशा बेताने बसे, की गाडीच्या फळीखालच्या फटीतून त्याला नाचणाऱ्यांचे फक्त पाय दिसावेत. मी एकदा कारण विचारले. "तोंड कॅमेऱ्याकडं पायते, वकीलसाहेब," तो म्हणाला, "पाय गान्याकडं. मले माहं गिऱ्हाईक वळखाले पायजे का नाई?" पाय जड पडू लागले की तो गाणे बदली, आणि लोकांना वाटे, आपल्याच अंगात नवा जोर आला.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. तेव्हापासून आर्वीत जो तो त्याच्याविषयी साक्ष देऊ लागला आहे. पानठेल्यावर साक्षी, न्हाव्याच्या दुकानात साक्षी. अल्बम पडला म्हणून त्याने हाय खाल्ली, असे एक जण सांगतो. दुसरा सांगतो, शेवटी शेवटी त्याला यंत्रे समजेनाशी झाली होती. मी या गावच्या कोर्टात आयुष्यभर वकिली केली आहे. ऐकीव साक्ष मी तेव्हा चालू दिली नाही. आता, त्याची बाजू मांडणारा तो स्वतः उरलेला नसताना, का चालू द्यावी?

आमचे वैर होते, असेही म्हणतात. वैर नव्हते, वाद होता, आणि तो मी अद्याप सोडलेला नाही. त्याची सामानाची शेड माझ्या घराच्या भिंतीला लागून. तो कर्णे तपासू लागला की माझ्या कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाच्या काचा थरथरत. मी पोलिसांत रीतसर अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी माझ्या ओसरीवर हजर. "अर्ज झकास लिवला, वकीलसाहेब. आता त्याचं उत्तर बी तुमीच लिवून द्या. माह्या वळखीचा दुसरा वकील नाई." आतून माझी पत्नी सुमन खळखळून हसली. ज्या खटल्यात घरातलेच माणूस प्रतिपक्षाला चहा देते, तो खटला चालवण्यात अर्थ नसतो. पुढे त्याचा सकाळचा चहा आमच्याकडेच ठरला. तो सुमनला काकू म्हणे, आणि काकू त्याला नव्या गाण्यांतले काय चांगले, काय भिकार, ते बिनदिक्कत सांगत असे.

पन्नाशी उलटल्यावर त्याने अल्बम काढायचे ठरवले. कोणीतरी त्याला फूस लावली, ही गावातली समजूत साफ चुकीची आहे. तो निर्णय आमच्या ओसरीवर, माझ्यादेखत झाला. "आजवर दुसऱ्याच्या गान्यावर लोकं नाचवले," बशी खाली ठेवत तो म्हणाला, "माह्या हातचं एक बी नाई. स्वयंपाकी मेला अन् त्याच्या हातची भाजी कोनं खाल्लीच नाई, असं होईन." सुमन म्हणाली, "मंग कर ना बापा. बसून काऊन राह्यला?" ऐन लग्नसराई सोडून तो नागपूरच्या एका भाड्याच्या स्टुडिओत जाऊन बसला. काम लांबत गेले; अधूनमधून एखादी ठरलेली वरात वाजवायला तेवढा तो गावी येई. एक लग्नसराई गेली, दुसरीही गेली.

अल्बमचे नाव त्याने ठेवले 'जानोसा ते मांडव'. वरपक्ष उतरतो तो जानोसा. तिथून मांडवापर्यंतची वरातीची वाट त्याने आठ तुकड्यांत मांडली होती. गाणारा कोणी नाही, शब्द नाहीत. ढोल, सनईचा एक कापरा सूर, आणि यंत्रातून काढलेले असे काही आवाज, की डोळे मिटले तर कोणते वळण आले ते सांगता यावे. सहाव्या तुकड्यात मात्र संगीत एकाएकी तुटते. मिनिटभर नुसती जनरेटरची घरघर, चपलांची फटफट आणि कोणाचा तरी खोकला ऐकू येतो; मग वाजणे पुन्हा सुरू होते.

याचा अर्थ आमच्या भागात कोणाला सांगावा लागू नये. वाटेत ताजी मयत झालेले घर आले की वरात वाजणे थांबवते, माणसे खाली मान घालून पुढे जातात आणि वळणापलीकडे पुन्हा वाजू लागते. हे पाळत मोठी झालेली आर्वीची माणसे मोबाइलवर तो तुकडा ऐकून म्हणाली, फाइल खराब आहे! चौकातल्या मोबाइलच्या दुकानदाराने तर ते मिनिट कापून तुकडा जोडून दिला आणि तीच प्रत पेनड्राइव्हवर गावोगाव गेली. हिंगणीपासून अल्लीपूरपर्यंत लोक ज्या अल्बमवर नाचले, तो पंजाबरावाचा नव्हता.

शिकलेल्यांनी तरी काय दिवे लावले? पुण्याच्या एका संकेतस्थळाने केवळ नावावरून तर्क बांधून लिहिले, 'भांगड्याचा अभाव जाणवतो.' आमच्याकडे पंजाब हे नाव दर चार घरांत सापडते, हे त्यांना कोण सांगणार? मी वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "नाव बापानं ठेवलं. भांगडा काऊन नाई टाकला ते त्यालेच विचारा म्हना." नागपूरच्या एका दैनिकाने मात्र रविवारच्या पुरवणीत अर्धे पान दिले. समीक्षकाला सहाव्या तुकड्यात 'आधुनिक माणसाच्या आतली पोकळी' दिसली. "पोकळी?" पंजाबराव चकित झाला. "अहो, सुतक हाये ते!" त्याच लेखात पुढे एक वाक्य होते: 'पाचव्या तुकड्यात आवाज विनाकारण वाढतो आणि साऱ्या रचनेचा समतोल ढळतो.' यावर तो हसला नाही. "वाढला ते त्याले समजलं ना," एवढेच म्हणाला आणि उठून गेला. सुमन तोवर राहिली नव्हती; चहा मीच करत असे, आणि तो वाईट होई.

रोहणा गावच्या एका लग्नात त्याला भर वरातीत रडू कोसळले, ही आणखी एक दंतकथा. मी त्या लग्नाला होतो. नवरदेवाचे मित्र गाडीपाशी येऊन म्हणाले, "काका, ते फाटकं नका लावू, दुकानवालं लावा." त्याने अख्खा अल्बम लावला. सहाव्या तुकड्यात आवाज तुटताच पोरांनी गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या. "बंद पडलं! म्हातारा झोपला का बे?" त्या गलक्यात गाडीला खेटून असलेल्या ओट्यावरची एक वृद्धा लगबगीने उठली, तिने डोक्यावर पदर घेतला आणि बाजूच्या बाईला दबक्या आवाजात विचारले, "कोनाच्या घरी झालं व बाई?" पंजाबरावाने ते ऐकले. त्याचे डोळे भरले, हे मी अमान्य करत नाही. पण त्या माणसाला दुःख झाले होते असे जो म्हणेल, त्याची उलटतपासणी घेण्यास मी तयार आहे. परतताना जीपमध्ये तो म्हणाला, "निकाल लागला, वकीलसाहेब. आपल्या बाजूनं लागला."

आता ज्या कथेसाठी मी मुख्यतः हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. गावात असे पसरले आहे, की ते शांत मिनिट त्याने माझ्या सुमनसाठी ठेवले. भली माणसे माझ्याकडे येतात, माझा हात हातात घेतात आणि सांगतात, सहावा तुकडा ऐकला की काकूंची आठवण येते. त्यांचा हेतू चांगला असतो. म्हणणे खोटे असते.

घडले ते असे. सुमनच्या अखेरच्या आजारात तिची खाट खिडकीशी लावली होती. एका दिवेलागणीला आमच्या गल्लीतून वरात आली. मी ती थांबवायला तावातावाने बाहेर निघालो, तोवर पंजाबरावाने स्टुलावरून उठून आपण होऊन आवाज अगदी उतरवला होता. मागून सुमन म्हणाली, "तुमी बसा बरं खाली. वाजू द्या त्याले." मग तिने गजातून हात बाहेर काढला आणि तळवा वर करून दोनदा हलवला: वाढव. तो गाडीवरून पाहतच राहिला. तिने पुन्हा तसाच हात हलवला. तेव्हा त्याने आवाज असा वाढवला, की माझ्या छातीत ढोल वाजू लागले. वरात वळेपर्यंत तिची बोटे गजावर ताल धरून होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. तिच्या सुतकात लग्नाचा मुहूर्तच नव्हता. आमच्या दारावरून एकही वरात गेली नाही. जी वरात आलीच नाही, ती आमच्या दारात थांबणार कशी?

तरीही, मीसुद्धा वर्षभर तीच समजूत धरून होतो. पत्नीसाठी कोणी एक मिनिट राखून ठेवले आहे, ही कल्पना एकट्या माणसाला सोडवत नाही. वर्ध्याच्या दवाखान्यात तो निजून होता तेव्हा मी त्याला सरळ विचारले, "सहाव्यात सुमन आहे ना?"

त्याने मान हलवली. "नाई, साहेब. ते कोनाचं बी घर हाये. अन् काकूच्या दारात मी बंद कधी केलतं? काकूनं करूच नाई देल्लं." जरा दम घेऊन म्हणाला, "काकू पाचव्यात हाये. तिथं वाढवला ना मी."

त्यानेच विषय बदलला, दवाखान्यातल्या चहाला नावे ठेवली, आणि निघताना म्हणाला, "येजा उद्या." दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्याच्या खाटेवरची चादर काढत होते. हाय खाल्ली वगैरे काही नाही. हृदय थकले होते, डॉक्टरांनी तसेच सांगितले.

गेले काही महिने मी सहावा तुकडा ऐकत नाही. पाचवा ऐकतो. चारच्या सुमारास, चहा झाला की. सनई उतरत उतरत नाहीशी होणार असे वाटते, आणि तेवढ्यात, कोणी खूण करावी तसा, आवाज चढतो. दर वेळी माझी मान खिडकीकडे वळते.

पंजाबरावाविषयी आजवर जे जे बोलले आणि लिहिले गेले, ते मी वर खोडून काढले आहे. नागपूरच्या त्या समीक्षकाचे एक वाक्य मात्र, त्यातला 'विनाकारण' हा शब्द वगळून, मला मान्य आहे. पाचव्या तुकड्यात आवाज वाढतो आणि समतोल ढळतो. माझाही ढळतो.