मी फक्त दादाचंच मोजलं

माझा दादा शेवटच्या ओव्हरचा माणूस होता. गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत हे कुणाला पटवून द्यावं लागत नसे. सामना अडकला की लोक चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, आता हा बघून घेईल. त्याला मुद्दाम मागे ठेवायचे. बाकीचे हात मोकळे करून यायचे आणि हा आपला कडुनिंबाखाली बॅट मांडीवर घेऊन बसलेला. वरचे लवकर बाद झाले तरच त्याला आधी खेळायला मिळायचं.

गल्लीच्या संघाची धावांची वही मी लिहायचे. धुळ्याकडून सुरतेला आलेल्या आमच्या घरात गणित फक्त मलाच यायचं, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. एका चेंडूला एक चौकट, चौकटीत आकडा. पेन्सिल माझी, खाडाखोड नाही.

दादा पॉवरलूमवर होता. कारखान्यात मागांचा खडखडाट इतका की बोलायला आवाजाचा उपयोगच नाही. तिथली माणसं नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. डबा पोचवायला जाऊन जाऊन मलाही ते जमायला लागलं. मैदानावर आमचं तेच चालायचं. शेवटच्या ओव्हरला तो दूरवरून माझ्याकडे बघायचा, मी ओठांनी सांगायचे, इतके चेंडू, इतक्या धावा. तो मान हलवायचा आणि मग उभा राहायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, बहिणीचं तोंड बघून मारतो. मला ते ऐकायला फार आवडायचं.

नवागामच्या संघाशी फायनल ठरली. आदल्या संध्याकाळी दादा म्हणाला, "सकाय तू नको येजो वही लिखाले. बाहेरना लोके येतीन. पोर बठेल बरी नही दिखस."

बाहेरचे लोक येणार, म्हणून मी दिसायला नको! इतके महिने उन्हात बसून लिहिलं तेव्हा मी बरी दिसत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. माय भाकरी थापत होती, तिच्या शेजारी बसून मी वही उघडली आणि दादाला मोजायला घेतलं. शेवटच्या ओव्हरला त्याने काय केलं ते एका बाजूला, आधी खेळायला आला तेव्हा काय केलं ते दुसऱ्या बाजूला. भाकऱ्या संपायच्या आत उत्तर आलं. काडीचा फरक नव्हता. शेवटी तो जसा खेळायचा तसाच आधीही खेळायचा. त्याने बुडवलेले सामनेही वहीत होते, लोकांनी फक्त जिंकलेले लक्षात ठेवले होते.

सकाळी तो बुटाची नाडी बांधत असताना मी त्याला सगळं वाचून दाखवलं. "शेवटच्या ओव्हरचा माणूस म्हणे! तू सगळासनामायकच शे." सगळ्यांसारखाच आहेस. तो हसला. म्हणाला, "बरं, मास्तरीणबाई."

हसला नसता तर बरं झालं असतं.

जाऊ नको म्हटलं होतं तरी गेले. भिंतीला टेकून उभी राहिले. वही कुठल्याशा पोराच्या हातात होती, पण मोजणं माझं थांबत नव्हतं. शेवटच्या चेंडूला चार धावा हव्या होत्या. दादा वळला, आधी माझ्या नेहमीच्या जागेकडे बघितलं, मग शोधत शोधत भिंतीकडे. भुवया वर केल्या. किती, असं विचारत होता. मला ठाऊक होतं किती. मी ओठ हलवले.

सगळासनामायकच.

त्याने मान हलवली नाही. तसाच फिरून उभा राहिला. चेंडू साधा होता, अंगावर आलेला. तो हवेत गेला आणि नवागामच्या एकाने पळतही न जाता झेलला.

त्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत. कुणीतरी पाठीवर थाप मारली. त्या आठवड्यात त्याने बॅट देऊन टाकली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पुढे कारखान्यात मास्तरची जागा निघाली. माग अडला की तो मास्तरने चालू करायचा, माल घाईचा असला की सगळे त्याच्या डोक्यावर उभे, म्हणून शांत डोक्याचा माणूस लागतो. शेठनं दादालाच बोलावलं. हा नाही म्हणून आला. घरी वहिनी चिडली तर हसत म्हणाला, "मी सगळासनामायकच शे. मनी बहीणनी मोजेल शे." माझ्या बहिणीनेच मोजलंय. त्यानंतर हे वाक्य आमच्या घरात राहायलाच आलं. कुठलंही अवघड काम पुढे आलं की दादा ते वाक्य म्हणायचा आणि मागे सरायचा.

मी पुढे शाळेत गणित शिकवायला लागले. अडीनडीला खेळणारा वेगळा असतो की नाही, यावर स्टाफरूममध्ये वाद निघाला की मी तावातावाने म्हणायचे, असं काही नसतं, लोकांच्या मनाचे खेळ. चोराच्या मनात चांदणं. कारण तसं काही नसेल तर माझ्या ओठांनी काहीच केलं नाही, तो नुसता एक चेंडू होता. आणि तसं काही असेल, तर ते दादात होतं आणि मी ते मोडलं. इतकी वर्षं मी स्वतःलाच सोडवत बसले होते.

यंदा सुरतेतच पर्वत पाटियाला घर बदलताना ती वही हाताला लागली. वर्गात सरासरी शिकवायची होती, उदाहरणाला आयते आकडे मिळाले म्हणून मी बाकीच्यांचं मोजायला घेतलं. तेव्हा हे कधी केलंच नव्हतं. एकेक करून सगळे मोजले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. शेवटच्या ओव्हरला प्रत्येक जण घसरत होता. आधी बेधडक मारणारे तिथे चाचपडत होते. समोरचे आपला सगळ्यात चांगला गोलंदाज शेवटाला राखून ठेवायचे, तो सगळ्यांनाच भारी पडायचा. एकटा दादा होता तसाच राहिला होता. तेच त्याचं वेगळेपण होतं, आणि तेच आकडे दाखवून मी त्याला सगळ्यांसारखा म्हटलं होतं.

वही घेऊन तडक कारखान्यात गेले. दादा अजून त्याच मागांवर आहे, केस पिकलेत, कानही गेल्यात जमा आहेत. मला दारात बघून तो घाबरला, घरी काही झालं की काय. मी मान हलवून नाही म्हटलं. मग ओठांनी सगळं सांगितलं, सावकाश, एकही आकडा न गाळता. बाकी सगळे घसरले, दादा. तू नाही घसरलास. मी फक्त तुझंच मोजलं होतं.

त्याने शेवटपर्यंत वाचलं. चेहऱ्यावर राग नव्हता. त्याचे ओठ हलले.

"मंग हाई तवयच काबरं नही मोजं?"

मग हे तेव्हाच का नाही मोजलंस? तेवढ्यात त्याच्या मागावरचा धागा तुटला. तो जोडायला खाली वाकला, आणि ज्याला उत्तर द्यायचं तो चेहराच मला दिसेना.