संडासाच्या दारावरचं कुंकू

घाटेकाकू काहीही करण्याआधी ते मोठ्यानं जाहीर करायच्या. "आता मी उठते. आता कणीक भिजवते. आता ही खिडकी लावते, खट् आवाज होईल." घरात ऐकायला कोणी असो वा नसो. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या तळमजल्यावर आणि आम्ही बरोब्बर त्यांच्या डोक्यावर, त्यामुळे त्यांचा दिवसभराचा कार्यक्रम आम्हाला तोंडपाठ असे. "आमच्याकडे रेडिओ कधी घ्यावाच लागला नाही," असं काका म्हणायचे. काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली, की कुठे एक संपते नि दुसरी सुरू होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवऱ्याच्या बदलीमुळे सोलापूरहून या हिंदी मुलखात आलेल्या मला सुरुवातीला या सगळ्याचं हसू यायचं.

माझी मुलगी रेवा मात्र जमिनीला कान लावून काकूंना ऐकत बसायची. रेवा स्वमग्न आहे. तेव्हा ती सहा वर्षांची होती, मोजकेच शब्द बोलायची आणि अजून डायपरमध्ये होती. अरेरा कॉलनीतल्या एका शाळेनं तिला घ्यायची तयारी दाखवली होती, पण नवं सत्र सुरू होण्याआधी डायपर सुटायला हवा, ही अट. एवढी एक शाळा हो म्हणाली होती. तीही हातची गेली तर पुढे काय, या विचारानं माझी झोप उडाली होती.

आम्ही सगळं करून पाहिलं. रंगीत सीट आणली, भिंतीवर ससे चिकटवले, चॉकलेटं दाखवली. फ्लशचा आवाज झाला की ती कानांवर हात ठेवून किंचाळायची. एकदा मात्र जमलं. आनंदाच्या भरात मी आणि नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या, त्यानं तिला उचलून गरगर फिरवलं. रेवा घाबरून जी रडायला लागली ती थांबेचना, आणि नंतर संडासाच्या बाजूला फिरकेना. रडणं ऐकून काकू वर आल्या. सगळी हकीकत ऐकून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "टाळ्या कशाला? तू जाऊन येतेस तेव्हा कोणी वाजवतं का?"

मी रेवाचे डोळे पुसत राहिले.

"इतकी परेशान नको होऊस. माझ्याकडे पाठवत जा हिला. जसं होईल तसं होईल."

काकूंकडे जुना, देशी संडास होता. फ्लश नाही, लाल बादली आणि मग. रेवाला दारात उभं करून त्या सांगायच्या, "आता आपण आत जाऊ. दार उघडं राहील. मी बाहेर बसेन. मग पाणी टाकू, आवाज होईल, आणि झालं." मग बाहेर दुसरी बादली उपडी टाकून तिच्यावर बसायच्या आणि मेथी निवडायच्या. "बैठ, बेटा. कोई जल्दी नहीं है." झालं तरी कौतुक नाही, नाही झालं तरी चेहरा तोच. कितीतरी मेथी निवडून झाली, आणि एक दिवस रेवाला ते जमायला लागलं.

पण फक्त तिथेच. आमच्या घरी तिचं पाऊल उंबऱ्यावर अडायचं. त्यामुळे तिची चुळबुळ दिसली की मी तिला कडेवर घेऊन जिना उतरायची. भाजीवाला जिन्यात आला तर टोपली उचलून बाजूला व्हायचा. आमची घाई सगळ्या बिल्डिंगला ठाऊक झाली होती.

संक्रांतीचं हळदीकुंकू काकूंकडे थाटात असायचं. चार इमलीतल्या सरकारी बंगल्यांतून एका मोठ्या अधिकाऱ्याची बायको आली होती. काकू तिला कुंकू लावणार तेवढ्यात रेवानं गर्दीतून येऊन त्यांचा पदर ओढला. तोवर तिनं कधी कोणाला आपणहून सांगितलं नव्हतं. काकूंनी तबक त्या बाईंच्याच हातात दिलं आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं, "आता मी रेवाबरोबर संडासला जाते. झालं की येते." घाईत त्यांनी कुंकवाच्या बोटांनीच दार ढकललं. हिरव्या दारावर लाल बोटं उमटली. दुसऱ्या दिवसापासून रेवा आत जाण्याआधी त्या बोटांवर आपला हात ठेवायला लागली. काकूंनी ती पुसली नाहीत.

मग काका रिटायर झाले. क्वार्टर सोडून ग्वाल्हेरला मुलाकडे जायचं ठरलं. सत्र तोंडावर आलं होतं, आणि रेवाला एकच दार माहीत होतं, तेच बंद होणार होतं.

निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक खाली उभा असताना काकू वर आल्या. हातात कुंकवाचा करंडा आणि ती लाल बादली. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. काकूंनी बोटं ओली केली, कुंकवात बुडवली आणि सरळ आमच्या संडासाच्या दारावर उमटवली.

"अहो, हे काय! संडासाला कुंकू?" सासूबाई ओरडल्याच.

"उंबऱ्याला लावतो ना आपण?" काकू म्हणाल्या. "या पोरीला हाच उंबरा ओलांडायचा आहे."

त्यांनी बादली भरून आत ठेवली. "आता मी इथे बसते," त्या म्हणाल्या आणि आमची बादली उपडी करून बसल्या. रेवा बराच वेळ नुसती उभी राहिली. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, काका हाका मारत होते. काकू हलल्या नाहीत. "बैठ, बेटा. कोई जल्दी नहीं है." शेवटी रेवानं लाल बोटांवर हात ठेवला आणि आत गेली. ती बाहेर आली तेव्हा टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. सासूबाई डोळ्यांना पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या.

"आता मी खाली उतरते," काकू म्हणाल्या. मग जिन्यातून आवाज आला, "आता गाडीत बसते." त्यानंतर खालचं घर गप्प झालं.

रेवा शाळेत जाऊ लागली. काकू फोनवर विचारायच्या, "कुंकू फिकं नाही ना पडलं?" पडलं की मी पुन्हा लावायची, आणि सोलापूरहून सासूबाईही त्याची आठवण करायच्या. गेल्या थंडीत काकू गेल्या. काका फोनवर म्हणाले, "घर फार शांत आहे हो." अजूनही सकाळी जाग आली की मी खालून येणाऱ्या "आता मी उठते"ची वाट बघते. खाली नवं कुटुंब आहे, चांगली माणसं आहेत, पण ती आपली कामं मुकाट्यानं करतात.

परवा दिवाळीआधी रंगारी आला. संडासाच्या दारापाशी थांबून म्हणाला, "दीदी, ये लाल दाग घिस दूँ?" मी उत्तर देणार तेवढ्यात संडासाच्या आतून आवाज आला. रेवाचाच, पण चढउतार, लय, सगळं थेट ग्वाल्हेरचं.

"बैठ, बेटा. कोई जल्दी नहीं है."

रंगारी गडबडला. मग त्यानं ब्रश खाली ठेवला, रंगाचा रिकामा डबा उपडा केला आणि निमूट त्यावर बसला. मीही तिथेच जमिनीवर बसले.