कुर्लीचा खिळा

ओली छत्री दिसेल त्या खिळ्याला अडकवायची ही माझी जुनी खोड. त्या दिवशी मी ती बालवाडीत दाखवली.

चौऱ्याऐंशी साल असेल. श्रावण सरत आला होता आणि आमची मुलगी जाऊन महिना झाला होता. चार वर्षांची. तापाचं निमित्त झालं. तिची पिशवी बालवाडीत राहिली होती, घेऊन जा, असा बाईंचा निरोप दोनदा आला. बायको उंबऱ्याबाहेर पडत नव्हती, म्हणून मी गेलो. पहिल्यांदाच. मिरजोळ्याच्या कारखान्यात मी सगळ्यांची हजेरी लिहायचो. पोर कुठे जाऊन बसते ते पाहायला मला सवड झाली नव्हती.

वाडीने मिळून चालवलेली ती शाळा देवळाच्या पडवीत भरायची. भिंतीला मुलांच्या उंचीवर खिळे, प्रत्येकाला एक पिशवी. एकच खिळा मोकळा. त्याच्यावर गेरूने काढलेला खेकडा, दोन्ही डेंगे उगारलेला. मी छत्री अडकवली.

गलका थांबला.

"काका, तो कुर्लीचा खिळा," एक चिमुरडी म्हणाली. "तिथे नाय लावायचं."

शांतता मला झेपत नाही. म्हटलं, "मग कुर्ली गेली कुठे? कालवणात?"

कुणी हसलं नाही.

"ती मेली," चिमुरडी म्हणाली. "तुम्हाला नाय माहीत?"

बाईंनी छत्री काढून माझ्या हातात दिली आणि मला बाजूला घेतलं. त्यांच्याकडे पाचव्या वर्षाआधी अक्षरं नव्हती. प्रत्येक मुलाने आपलं चित्र निवडायचं, तेच त्याचं नाव. सकाळी हजेरीही मुलंच घ्यायची. मोकळा खिळा बघून कोण आलं नाही ते सांगायची.

"तिची पिशवी काढून नव्या मुलाला हा खिळा देऊन बघितला," ती पिशवी माझ्याकडे देत बाई म्हणाल्या. "पोरांनी देऊ दिला नाही."

तेव्हा मला मृगातली गोष्ट आठवली. पोरीला छोटी छत्री आणली होती. पेंटरकडून छत्रीवर पांढऱ्या ऑइलपेंटने ठसठशीत नाव घालून घेतलं होतं. ती रडून रडून लाल झाली. "हे माझं नाव नाय. कुर्ली काढा."

"छत्रीवर नाव घालतात गो, खेकडे नाय," मी म्हटलं होतं. वर चार दिवस कारखान्यात तोच विनोद सांगत फिरलो.

घरी येऊन पिशवी बायकोकडे दिली. आत एक फ्रॉक आणि मूठभर चिंचोके. मी सगळं सांगितलं, कालवणासकट. ती फ्रॉक मांडीवर घेऊन दाराकडे बघत राहिली. छोटी छत्री तिथेच टांगलेली होती, नावाची बाजू आमच्याकडे.

मग म्हणाली, "उद्या ती पेंटरकडे न्या. नाव पुसून कुर्ली काढून घ्या नि त्या खिळ्याला लावून या. आणि हो, डेंगे मोठे काढायला सांगा. ती काढायची ते मोठे असायचे."